जुना डिफरेन्शियल घेताना आधी दात मोजा

गॅरेजमध्ये नव्याने काम शिकणारा मुलगा जुना डिफरेन्शियल (इंजिनची ताकद दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) आणायला निघाला की गाडीचं मॉडेल आणि वर्ष एवढंच सोबत नेतो. तेवढ्यावर भागत नाही. एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि टायरच्या मापाप्रमाणे वेगवेगळे रेशो (डिफरेन्शियलच्या दोन मुख्य गिअरच्या दातांचं प्रमाण) बसवलेले असतात. शिवाय तुमच्या गाडीचा डिफरेन्शियल आधी कुणी बदललेला असेल, तर कागदावरची माहिती खोटी ठरते. म्हणून शिकाऊ मुलांना मी पहिलं काम देतो ते आपल्याच गाडीखाली जाण्याचं. बाजारात काय मिळतंय ते नंतर.

त्याआधी आवाज खरंच डिफरेन्शियलचा आहे का, याची खात्री करा. रस्ता बदलल्यावर बदलणारा आवाज बहुधा टायरचा असतो. वळणावर वाढणारा किंवा कमी होणारा आवाज व्हील बेअरिंगचा निघू शकतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा येत असेल, तर संशय क्राउन-पिनियनवर, म्हणजे डिफरेन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीवर, घ्यायचा. गाडी सुटताना ‘टक्’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरेन्शियलकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आधी तपासा. क्रॉस बदलून भागत असताना पूर्ण हाउसिंग (डिफरेन्शियलचं कवच) उतरवण्यात अर्थ नाही.

आता रेशो. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, इतकं साधं गणित. ४१ आणि ११ दात असतील तर ३.७३, ४१ आणि १० असतील तर ४.१०. हे आकडे बऱ्याचदा क्राउनच्या कडेवर ठोकलेले असतात. कव्हर उघडायचं नसेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा, मागचा भाग स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जायचं नाही. फ्लँजवर (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या चकतीवर) आणि चाकावर खडूची खूण करा. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक घट्ट धरून दुसरं २ फेरे फिरवलं की क्राउनचा १ फेरा होतो, आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेतो तो तुमचा रेशो. मात्र ३.७३ आणि ३.९१ मधला फरक एवढ्याने डोळ्यांना कळत नाही. चाक २० फेरे फिरवा. शाफ्टचे फेरे साधारण ३७ भरतात की ३९, यावर निकाल लागतो.

याची एवढी काळजी कशासाठी? ३.७३ च्या जागी ४.१० बसवला तर त्याच वेगाला इंजिन सुमारे १० टक्के जास्त फिरतं. वेगाची नोंद गिअरबॉक्सवरून घेणाऱ्या गाडीत स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवतो. आणि फोर-व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचा-मागचा रेशो जुळलाच पाहिजे. नाहीतर कोरड्या पक्क्या रस्त्यावर फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केसवर (दोन्ही एक्सलना ताकद देणाऱ्या गिअरपेटीवर) नको तो ताण येतो.

डिफरेन्शियलवर लावलेली रेशोची पट्टी वाचायला शिका, पण ती पुरावा मानू नका. फोर्डच्या पट्टीवर ३ आणि ७३ यांच्यामध्ये ‘एल’ असेल तर तो लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळं घसरत फिरणं रोखणारा डिफरेन्शियल. बीएमडब्ल्यूच्या पट्टीवर आकड्याआधी ‘एस’ असेल तरी तोच अर्थ. पट्टी बोल्टखाली अडकवलेली असते आणि आतला माल बदलला तरी तशीच राहते. लिमिटेड स्लिप ओळखायला दोन्ही चाकं हवेत ठेवून एक फिरवा. दुसरं उलट फिरलं तर बहुधा साधा, त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप. क्लच प्लेट झिजल्या असतील तर लिमिटेड स्लिपही साध्यासारखा वागतो, हे ध्यानात ठेवा.

पूर्ण एक्सल घेत असाल तर टेप काढा. एका टोकाच्या चाक बसणाऱ्या पृष्ठभागापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी, स्प्रिंग बसण्याच्या जागांमधलं अंतर, फ्लँजच्या भोकांची जागा, एक्सल शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरच्या खाचा), ब्रेकचा प्रकार, एबीएसची दातेरी रिंग. नवखी मुलं विसरतात ती रिंगच.

माल तपासताना सगळ्यात जास्त वेळ तेलावर घालवा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर करडी, मऊ पेस्ट असणं स्वाभाविक आहे. बोटांना टोचणारे कण निघाले तर माल ठेवून द्या. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय. दातांवर निळसर झाक दिसली तर तो तेलाविना तापलेला आहे. दातांच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर पुसून चमकवलेला असला तरी तो पुढे आवाज करणारच. पिनियनची फ्लँज धरून वर-खाली हलवा, तिथे ढिलाई मुळीच नको. गोल फिरवताना थोडा प्ले (मोकळी हालचाल) चालतो, कारण त्यात स्टार पिनियनचाही (आतल्या छोट्या गिअरचाही) प्ले मिसळलेला असतो. सावकाश फिरवताना कुठे अडखळलं तर बेअरिंग गेलंय.

एकाचा क्राउन आणि दुसऱ्याचा पिनियन असा जोड कुणी कितीही स्वस्तात दिला तरी घेऊ नका. ती जोडी कारखान्यात एकत्र घासून जुळवलेली असते.

बसवण्याआधी सील नवीन घाला. पिनियनचा नट मात्र विचार न करता सोडू नका. आत क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) असेल तर बेअरिंगवरचा दाब त्या नटाने ठरवलेला असतो, आणि दाबली गेलेली स्लीव्ह पुन्हा वापरता येत नाही. तेल मॅन्युअलमध्ये दिलेलंच भरा. हायपॉइड गिअरला (पिनियन क्राउनच्या मध्यापासून बाजूला असलेल्या जोडीला) सहसा जीएल-५ प्रतीचं गिअर तेल लागतं, आणि क्लच प्लेटच्या लिमिटेड स्लिपला त्यासोबत फ्रिक्शन मॉडिफायरही (तेलात घालायचं, घर्षण बदलणारं द्रव्य) लागू शकतो. तेल भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत आलं की बोल्ट लावा, आणि ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याचं तोंड) तुंबलेला नाही ना ते पाहा. तो तुंबला तर नवीन सीलमधूनही तेल बाहेर येतं.