वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला पुस्तक देताना
वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलाला वाढदिवसाला पुस्तक द्यायचे असेल, तर वयापेक्षा त्याचा नाद आधी पाहावा. नागपूरच्या कडबी चौकातील नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातून ज्याचा पाय निघत नाही, त्याला बोधकथांपेक्षा इंजिनांचे सचित्र पुस्तक अधिक भावते. सीताबर्डीच्या दुकानात त्यालाच मधले एखादे पान वाचायला सांगावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्याआधी पाचही बोटे मिटली, तर ते पुस्तक तूर्त परत ठेवावे. चित्रकथा, विनोद, कोडी यांना कमी लेखू नये. जाडजूड ग्रंथ (तो बहुधा आपल्यालाच आवडलेला असतो) टाळावा. बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिकही चालेल, कारण ते तुकड्यातुकड्याने वाचता येते.