भिंतीवरची बुरशी घरीच पुसायची की माणूस बोलवायचा? या चुका टाळा

मृग लागून आठ-पंधरा दिवस झाले की बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत एक कोंदट वास येऊ लागतो. आमच्याकडे तो कपाटातून आला. आईची इरकल बाहेर काढली तर घडीवर काळे ठिपके. कपाट ओढलं, मागं परातीएवढा काळपट-हिरवा डाग.

मी काय केलं? केरसुणी घेतली आणि खरवडलं. सुकी बुरशी झाडली की तिचे बारीक कण खोलीभर उडतात आणि आपण ते नाकातून आत घेतो. आधी ती ओली करायची, मगच पुसायची.

दुसरी चूक त्याहून महागात पडली. पेंटर आला, पुट्टी भरली, रंग मारला. गणपतीपर्यंत पोपडे सुटले आणि डाग पुन्हा वर. शेवटी ओळखीच्या गवंड्यानं भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. गिलावा पोकळ वाजला. "भिंत पुसून काय होतंय, वर बघा की!" वर पन्हाळ सांध्यात फुटलेली, पागोळी थेट पश्चिमेच्या भिंतीवर. इथला पाऊस पश्चिमेकडूनच येतो, त्यामुळं झड खाणारी भिंत तीच.

म्हणून पुसायला कोण, हे ठरवण्याआधी पाणी येतं कुठून ते शोधा. जमिनीपासून फूट-दोन फूट ओल असेल तर ती घराच्या पायामधून वर चढतेय. न्हाणीघराला लागून असेल तर नळाची शंका घ्या: रात्री सगळे नळ बंद करून टाकीत पाण्याला खूण करा, सकाळी पातळी उतरली असेल तर पाणी कुठंतरी झिरपतंय. आणि हो, पांढरी पावडर दिसली की लगेच बुरशी म्हणू नका. चिमूटभर काढून पाण्यात टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार.

घरी किती करावं? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा ठोकताळा साधारण १० चौरस फुटांचा आहे, म्हणजे तीन बाय तीन फूट. तेवढ्यापुरतं एन-९५ मास्क, हातमोजे, खिडक्या उघड्या, साबणाचं पाणी आणि घासणी पुरते. मग पंखा लावून भिंत खडखडीत वाळवा. ब्लीचचा मोह आवरा. निदान संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये तरी ते कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. कुजलेला प्लायवूड, भिजलेली गादी घासत बसू नका, टाकून द्या.

डाग त्याहून मोठा असेल, छताच्या आत किंवा फॉल्स सीलिंगमागं असेल, किंवा घरात दम्याचं माणूस असेल, तर माणूस बोलवा. २०१९ च्या ऑगस्टसारखं पुराचं पाणी घरात शिरलं असेल तर तर नक्कीच, कारण त्यात गटाराचं पाणीही मिसळलेलं असतं. पण कोणता माणूस? आत गळत असेल तर प्लंबर, गच्ची झिरपत असेल तर वॉटरप्रूफिंगवाला, कौलं-पन्हाळीला गवंडी. पेंटर सगळ्यात शेवटी, तोही भिंत पुरती सुकल्यावर. आमच्या भिंतीला त्यासाठी दिवाळी उजाडली.

कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढं उभं आहे. आई म्हणते, मागं मांजर बसतंय.