पावसाळ्यात तबला सुरात लावताना

जुलैमध्ये पुण्यात तबला कितीही नीट झाकून ठेवला, तरी सकाळी त्याचा सूर उतरलेला आढळतो, कारण पुडीचे, म्हणजे तोंडावर ताणलेल्या आवरणाचे, चामडे हवेतील ओलावा शोषून सैल पडते. तोच तबला एप्रिलच्या कोरड्या दिवसांत आपोआप चढतो. सूर उतरलेला असेल, तेव्हा गठ्ठ्यांना, म्हणजे वाद्यांखाली बसवलेल्या लाकडी ठोकळ्यांना, हात घालण्याआधी तबला तंबोऱ्याच्या षड्जाशी (सा) ताडून पाहावा. फरक अर्ध्या स्वराहून अधिक असेल, तरच आठही गठ्ठे हातोडीने थोडे थोडे खाली सरकवावेत, आणि तेही समोरासमोरच्या जोडीने, म्हणजे ताण एका अंगाला जात नाही. त्याहून लहान फरक गजऱ्यावरच, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या कड्यावरच, निघतो. गजऱ्यावर वरून घाव घातला की सूर चढतो, खालून घातला की उतरतो. घाव पुडीवर कधीही पडू नये.

खरी मेहनत सोळा घरे, म्हणजे गजऱ्यावरचे वाद्यांमधले भाग, एकमेकांशी जुळवण्यात आहे. अनामिका शाईच्या (पुडीवरच्या काळ्या वर्तुळाच्या) कडेला हलकेच टेकवून तर्जनीने चाटेवर, म्हणजे पुडीच्या काठावरच्या पट्टीवर, 'ना' हा बोल वाजवावा आणि जे घर सर्वांत स्वच्छ बोलते, ते प्रथम षड्जावर आणावे. त्यानंतर त्याच्या समोरचे घर, मग काटकोनातली दोन, आणि शेवटी मधली घरे घ्यावीत. एक घर ओढले की समोरचे थोडे बदलते, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्याच लागतात. पहिल्याच फेरीत समाधान मानले, तर 'ना' कोरा वाजतो आणि आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, तुटते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते की, शाईच्या वजनामुळे या वाद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. एकही घर बेसूर राहिले, तर हा मेळ बिघडतो, असा माझा अनुभव आहे.

सैल तबला शेगडीजवळ किंवा कडक उन्हात ठेवून ताणण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. शाईला तडे जातात आणि ते भरून येत नाहीत.

डग्ग्याला, म्हणजे जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्याला, नेमका स्वर लागत नाही, मात्र त्याची घुमार (खर्जातला घुमणारा नाद) सर्व बाजूंनी सारखी असावी.

सवाई गंधर्व महोत्सवासारख्या डिसेंबरातल्या मैफलीत मंडपाची थंडी आणि दिव्यांची ऊब दोन्ही पुडीवर परिणाम करतात. म्हणून वाद्य खोळीतून काढून अर्धा तास तिथल्या हवेत राहू द्यावे आणि मगच हातोडी उचलावी.