नव्या संगणकावर स्वतः बांधलेला कर्नल 'अननोन-ब्लॉक(०,०)' म्हणून अडकतो तेव्हा

जुन्या, साटा (जुन्या जोडणीच्या) डिस्कच्या संगणकावरची डॉट-कॉन्फिग फाइल (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं याची यादी) उचलून नव्या संगणकासाठी लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बांधला. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी, लागणारे ड्रायव्हर पुरवणारी छोटी फाइलसिस्टिम) वापरत नाही. बूट होताना कर्नल पॅनिक: 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)', म्हणजे रूट (प्रणाली जिथे आहे ते डिस्कचं विभाजन) उघडता आलं नाही.

ग्रब (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) पुन्हा बसवला, त्यात दिलेलं रूटचं नाव दोनदा बदललं, काही फरक नाही. दोन रात्री गेल्या.

खरी खूण त्या (०,०) मध्येच होती: कर्नलला रूटचं विभाजन सापडलेलंच नाही. (२५९,२) असं काही दिसलं असतं, तर डिस्क सापडली पण फाइलसिस्टिमचा आधार नाही असा संशय घेता आला असता.

लाइव्ह यूएसबीवरून 'एलएसपीसीआय -के' (कोणत्या हार्डवेअरला कोणता ड्रायव्हर लागतो ते दाखवणारी आज्ञा) चालवलं. डिस्कपुढे ड्रायव्हर दिसला एनव्हीएमई. माझ्या कॉन्फिगमध्ये तो 'एम' होता, म्हणजे कर्नलच्या आत नाही, तर वेगळ्या मॉड्यूल फाइलमध्ये. मॉड्यूल डिस्कवर, आणि डिस्क उघडायला तेच मॉड्यूल हवं!

मग क्रमाने: 'मेक मेन्यूकॉन्फिग' (कॉन्फिग बदलायचा मेन्यू), डिव्हाइस ड्रायव्हर्स, एनव्हीएमई सपोर्ट, 'एनव्हीएम एक्सप्रेस ब्लॉक डिव्हाइसेस' ला तारा, म्हणजे कर्नलमध्येच अंगभूत (एम नव्हे). फाइल सिस्टिम्समध्ये एक्स्ट४ (माझ्या रूटची फाइलसिस्टिम) लाही तारा. मेक, मॉड्यूल्स इन्स्टॉल, कर्नल इन्स्टॉल. शेवटी ग्रबमध्ये रूटसाठी 'बीएलकेआयडी' या आज्ञेने दाखवलेला पार्टयूयूआयडी (विभाजनाचा ओळख क्रमांक). इनिटरॅमएफएसशिवाय साधा यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) चालत नाही.

पहिल्याच बूटला लॉगिन आलं.