थेंबाचा कोन रोज वेगळा येतोय? मशीनला दोष देण्याआधी या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला काचेच्या स्लाइडवर सायलेनचा (काचेला पाणी झटकायला लावणाऱ्या रसायनाचा) थर चढवायचा, वर पाण्याचा थेंब ठेवायचा आणि कॉन्टॅक्ट अँगल, म्हणजे थेंबाची कड काचेशी करते तो कोन, मोजायचा. काम सोपं दिसतं, म्हणून जळगाव-धुळ्याकडचे बरेच विद्यार्थी हा विषय घेतात. मग तक्रार सुरू होते, "सर, काल १०५ आला, आज ८८. मशीन बिघडलंय." मशीन क्वचितच बिघडलेलं असतं. कॅमेऱ्याला जे दिसतं ते तो टिपतो. घोळ असतो स्लाइड धुण्यात, हवेत आणि घड्याळात.

धुतली म्हणजे स्वच्छ झाली, असं नाही

खरोखर स्वच्छ काचेवर पाणी थेंब धरतच नाही, पसरून पातळ पापुद्रा होतो. कोन १० अंशांच्या खाली येतो. स्लाइड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून उभी वर काढा. पापुद्रा कुठे फाटला तर तिथे तेलकटपणा आहे आणि तिथे सायलेन नीट बसणार नाही.

उलटी फसगत डिटर्जंटची. रावेर-यावलकडे केळीच्या मेणचट पानावर फवारा टिकावा म्हणून औषधात स्टिकर घालतात. स्लाइडवर राहिलेला डिटर्जंट नेमकं तेच करतो, पाण्याचा पृष्ठताण उतरवतो. थेंब छान पसरतो आणि तुम्हाला वाटतं काच स्वच्छ झाली. बोअरच्या पाण्याने खळबळून मोकळे होऊ नका, त्यातले क्षार वाळून मागे राहतात. जारचं पाणी म्हणजेही डिस्टिल्ड नव्हे. शेवटची धुणी डिस्टिल्डचीच, आणि स्लाइड चिमट्याने कडेला धरायची.

काच साफ करायचं पिरान्हा द्रावण (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड) गाईड शेजारी उभे असतील तरच वापरा. ॲसिटोनने ओली स्लाइड त्यात गेली तर स्फोट होऊ शकतो. उरलेलं द्रावण बाटलीत भरून बूच लावायचं नाही.

पावसाळ्यातला १४० अंश

या चुकीवर लोक खूश होतात, म्हणून ती जास्त घातक. ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसायलेन या सायलेनचा नीट बसलेला थर पाण्याला साधारण १०५ ते ११२ अंश देतो. जुलैत कुणीतरी १४० आणतं आणि 'सुपरहायड्रोफोबिक' (पाण्याला जवळजवळ टेकूच न देणारा) असं शीर्षक टाइप करायला घेतं. पण सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर पाण्याचा कोन सुमारे १२० च्या वर जात नाही, फ्लोरिनवालं रसायन वापरलं तरी. त्यापुढचा आकडा खडबडीतपणामुळे येतो. वेंझेल या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये आणि कॅसी-बॅक्स्टर या जोडीने १९४४ मध्ये मांडलं ते हेच.

हा खडबडीतपणा येतो कुठून? अशा ट्रायक्लोरोसायलेनला काचेवर बसायला पाण्याचा जेमतेम अंश पुरतो. दमट हवेत बाटली उघडी राहिली की ते आपसातच जुळून गुठळ्या करतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा वास सुटतो. सायलेन ज्यात विरघळवतो ते टोल्युइन गढूळ दिसलं, स्लाइडवर पांढुरकी साय आली, तर ती बॅच टाकून द्या. टोल्युइन कोरडं करून घ्या, काम फ्युम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करा. थर चढल्यावर ताज्या टोल्युइनने खंगाळल्याशिवाय स्लाइड ओव्हनमध्ये घालू नका, नाहीतर सुटे रेणू तिथेच भाजून पक्के होतात.

मे महिन्यात थेंब थांबत नाही

चाळीस अंशांच्या कोरड्या हवेत ३ मायक्रोलिटरचा थेंब मिनिटभरात दहावा हिस्सा तरी गमावतो. थेंबाची कड काचेला चिकटलेली राहते, पोट मात्र खाली बसतं. १०५ चा कोन त्या मिनिटात तीन-चार अंश उतरतो. एकाने थेंब ठेवल्याबरोबर फोटो काढला, दुसऱ्याने चहा पिऊन आल्यावर. दोघांचे आकडे जुळणार कसे? ठेवल्यापासून ठरलेल्या सेकंदाला फोटो घ्या आणि तो सेकंद वहीत लिहा. मोजताना कूलर बंद. त्याचा झोत थेंब हलवतो, धूळ आणतो आणि खोलीतली आर्द्रता बदलतो. काचेच्या छोट्या पेटीत ओला कापूस ठेवून आत मोजलं तर बराच फरक पडतो.

एकच आकडा देणं

थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडलेल्या समीकरणात कोन एकच असतो. प्रत्यक्ष स्लाइडवर तो एका पट्ट्यात कुठेही थांबू शकतो. म्हणून सुई थेंबातच ठेवून हळूहळू पाणी सोडा, कड पुढे सरकताना वाचा. मग पाणी ओढा, कड मागे येताना वाचा. थर चांगला असेल तर दोन्हींतला फरक सहसा दहा-पंधरा अंशांच्या आत राहतो. तीस-चाळीसचा फरक आला तर थर तुटक किंवा मळका आहे, मग पुढे जाणारा कोन कितीही देखणा असो. थेंब उंचावरून टाकू नका, आपटून आधीच पसरतो.

सिरिंज काचेची घ्या. डिस्पोजेबल सिरिंजच्या दट्ट्याला सिलिकॉन तेल लावलेलं असतं, ते पाण्यावर उतरतं.

बेसलाइन

बेसलाइन म्हणजे फोटोत थेंब काचेला टेकतो ती रेषा. मोबाइलवर मोजत असाल तर कॅमेरा थेंबाच्या पायाच्या पातळीत हवा. लहान थेंबाला सूत्र सोपं: कोनाच्या अर्ध्याचा टॅन म्हणजे उंचीची दुप्पट भागिले पायाची रुंदी. रुंदी ४ मिमी, उंची ०.३५ मिमी असेल तर कोन २० अंशांच्या आसपास. बेसलाइन ०.०५ मिमी खाली ओढली गेली की तोच थेंब साडेबावीस अंश दाखवतो. पसरट थेंबाला कड शोधणं असं महागात पडतं. थेंब काचेत जिथे आपल्याच प्रतिबिंबाला भेटतो, बेसलाइन तिथेच लावा.