चवथीची खरेदी आणि चोरीला जाणारी ओळख: या चुका टाळा

गोव्यातले पत्ते कसे असतात ते आपल्याला ठाऊक आहेच. अमुक वाडा, देवळामागे, डिचोली. घर क्रमांक पाहून कुणी येत नाही. कुरिअरवाला फोन करतो आणि आपण ‘पिंपळाकडून आत वळ’ सांगत त्याला दारापर्यंत आणतो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की असे फोन वाढतात, आणि पुढे दिवाळी, नाताळ आहेतच. ठगांचं काम त्यामुळे सोपं होतं, कारण अनोळखी नंबरचा फोन आपण आधीच अपेक्षित धरलेला असतो.

म्हणून पहिली चूक ‘पत्ता अपुरा आहे’ या मेसेजवर विश्वास ठेवण्याची. लिंक उघडली की पाच रुपये भरायला सांगतात, आणि त्यासाठी नाव, जन्मतारीख, कार्डाचा नंबर, कार्डाच्या पाठीवरचे तीन आकडे. पाच रुपयांत कुणालाच रस नसतो, ही सगळी माहिती हवी असते. पार्सल कुठे अडलंय ते जिथून मागवलं त्याच अ‍ॅपमध्ये बघा.

फोनवरची युक्ती जास्त वाईट. ‘सर, अ‍ॅड्रेस नहीं मिल रहा, ये नंबर डायल कीजिए, डिलिव्हरी बॉय से बात हो जाएगी.’ त्या नंबराच्या सुरुवातीला *२१* असं काही असतं. डायल केलं की तुमचे कॉल दुसऱ्याच्या फोनवर वळतात, आणि कॉलवरून येणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. व्हॉट्सअ‍ॅप असंच हातातून जातं. शंका आली तर ##००२# डायल करा, वळवलेले कॉल बंद होतात. आता ओटीपी खरा डिलिव्हरीवालाही मागतो, मग ओळखायचं कसं? मेसेज पूर्ण वाचायचा. पार्सलच्या ओटीपीत पार्सलचा उल्लेख असतो. बँकेचं नाव किंवा रक्कम दिसली तर तो आकडा दारात उभ्या असलेल्या माणसालाही सांगायचा नाही.

दुसरी चूक आधारची, आणि माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी. सणाला फ्रिज हप्त्यावर घ्यायचा म्हणून दुकानदार आधार-पॅन मागतो. हप्ते म्हणजे कर्जच, तेव्हा कागद द्यावे लागतात. पण आपण काय करतो? झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर दोन्हींचे फोटो पाठवतो, तो ते कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, प्रिंट काढतो आणि फाइल तिथेच राहते. चवथीच्या गर्दीत ती कोण पुसणार! आधार प्राधिकरणाच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ उतरवता येतं. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात. जिथे चालेल तिथे तेच द्या. प्रतीवर सही करताना तारीख, दुकानाचं नाव आणि ‘फ्रिजच्या हप्त्यासाठी’ हे छायाचित्राला चिकटून आडवं लिहा, म्हणजे तीच प्रत दुसऱ्या कर्जाला लावणं अवघड जातं. आधारला जोडलेले बोटांचे ठसे प्राधिकरणाच्या अ‍ॅपवरून लॉक करून ठेवा. गरजेला तात्पुरते उघडता येतात.

इन्स्टाग्रामवर निम्म्या किमतीत कुणबी साडी दिसली आणि विक्रेता कार्डाचा फोटो मागू लागला, तर तिथेच थांबा. पैसे ‘मिळवण्यासाठी’ यूपीआय पिन कधीच लागत नाही. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान म्हापशाच्या बाजारात रोख घेणारे या बाबतीत सुखी!

खोक्यावरचं लेबल मात्र सगळेच विसरतात. नाव, मोबाईल, पत्ता तसाच ठेवून खोका पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात जातो. लेबल फाडून टाका.

गडबड झालीच तर लक्षणं अशी: शेजाऱ्याला रेंज आहे आणि तुमचं सिम तासन्‌तास मेलेलं, न मागितलेले ओटीपी, न घेतलेल्या कर्जाच्या हप्त्याचा मेसेज. सिम मेलं असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी कंपनीला विचारा, तुमच्या नावाने नवं सिम निघालंय का. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेत कार्ड बंद. चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तोटा तुमच्यावर पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, म्हणून लाजत बसू नका. रायबंदरला सायबर गुन्ह्यांचं पोलीस ठाणं आहे. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग दूरसंचार खात्याच्या संचार साथी साइटवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवा. अशी नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक फुकट मिळतो. अनोळखी कर्ज दिसलं तर रिपोर्ट देणाऱ्या त्या कंपनीकडेच लेखी हरकत नोंदवा, सोबत तक्रारीचा क्रमांक जोडा. वसुलीवाल्याने ‘निदान एक हप्ता भरा, बाकी मिटवू’ म्हटलं तर एक रुपयाही भरू नका. तोच पुढे कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून दाखवला जाऊ शकतो.