ऑप्टोमेट्रीचे महाविद्यालय निवडताना : खर्चाचा हिशेब आणि दर्जाची पारख

ऑप्टोमेट्री म्हणजे दृष्टी आणि डोळे तपासण्याचे, चष्म्याचा नंबर काढण्याचे शास्त्र. त्याच्या महाविद्यालयांची तुलना शुल्कापासून सुरू करू नये. आधी मान्यता तपासावी. ज्या देशात पुढे व्यवसाय करायचा आहे, तिथल्या नियामक संस्थेला ती पदवी चालत नसेल, तर अगदी नाममात्र शुल्क भरून मिळवलेली पदवीही शेवटी महागच पडते. अमेरिका आणि कॅनडातील अभ्यासक्रमांना ‘अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल ऑन ऑप्टोमेट्रिक एज्युकेशन’ ही संस्था मान्यता देते, ब्रिटनमध्ये हे काम जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे आहे, तर भारतात २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली असून ऑप्टोमेट्री त्याच्या कक्षेत येते. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबून न राहता, मान्यता देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचे नाव शोधावे. नव्याने सुरू झालेल्या अभ्यासक्रमाला अनेकदा केवळ प्राथमिक मंजुरी असते आणि त्याची पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नसते. अशा ठिकाणी प्रवेश घेऊच नये असे नाही. मात्र पूर्ण मान्यता मिळाली नाही तर विद्यार्थ्यांचे काय होणार, याचे लेखी उत्तर आधी मागावे.

अभ्यासक्रमाचे स्वरूपही देशागणिक बदलते. अमेरिकेत साधारणतः आधीच्या पदवीनंतर चार वर्षांचा ‘डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री’ हा अभ्यासक्रम करावा लागतो, तर भारतात बारावीनंतरच्या पदवी अभ्यासक्रमात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. नेत्रतंत्रज्ञाची पदविका ही याहून वेगळी असते. नावातील साधर्म्यामुळे दोन्हींची गल्लत होऊ देऊ नये.

आता दर्जाविषयी. माझ्या मते ऑप्टोमेट्रीच्या महाविद्यालयाचा दर्जा त्याच्या ओपीडीत ठरतो. रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून चष्म्याचा नंबर काढण्याची पद्धत, पुस्तकातून येत नाही. डोळ्याच्या बाहुलीतून परतणाऱ्या प्रकाशाची हालचाल ओळखायला शेकडो डोळे तपासावे लागतात आणि चूक झाली की त्याच क्षणी ती दाखवणारा शिक्षक शेजारी असावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा की, अभ्यासक्रम संपेपर्यंत एक विद्यार्थी स्वतः किती रुग्ण तपासतो? इथे ‘स्वतः तपासणे’ आणि ‘उभे राहून पाहणे’ यांतील फरक स्पष्ट करून घ्यावा, कारण काही ठिकाणी दोन्ही आकडे एकत्र करून सांगितले जातात. दुसरा प्रश्न रुग्णांच्या वैविध्याचा असावा. चष्म्याचा नंबर काढून घेण्यासाठी आलेल्या तरुणांबरोबरच लहान मुले, तिरळेपणा, काचबिंदू, मधुमेहामुळे बाधित झालेला दृष्टिपटल, कॉन्टॅक्ट लेन्स आणि लो व्हिजनचे (चष्म्यानेही पुरेसे न दिसणारे) रुग्ण विद्यार्थ्याच्या हाताखालून गेले नाहीत, तर त्याचे शिक्षण अपुरे राहते. मोठ्या नेत्ररुग्णालयाशी जोडलेल्या संस्थांची ही बाजू बहुधा भक्कम असते. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाशी निगडित असलेले एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री हे याचे ठळक उदाहरण आहे. अर्थात, रुग्णालयात गर्दी असली म्हणजे विद्यार्थ्याला शिकायला मिळतेच असे नाही, कारण गर्दीच्या वेळी त्याला केवळ थेंब घालण्याच्या आणि कागदपत्रे भरण्याच्या कामाला लावले जाण्याची शक्यता असते.

महाविद्यालय पाहायला जायचे तर स्वागत समारंभाच्या दिवशी न जाता कामकाजाच्या दिवशी सकाळी जावे. एका शिक्षकाकडे ओपीडीत किती विद्यार्थी आहेत, डोळा मोठा करून तपासण्याच्या स्लिट लॅम्प चालू स्थितीत किती आहेत आणि सरावासाठी विद्यार्थ्यांना त्या मोकळ्या मिळतात का, हे प्रत्यक्ष पाहावे. दर्शनी दालनात ठेवलेल्या दृष्टिपटलाच्या थरांची प्रतिमा घेणाऱ्या एका महागड्या ओसीटी यंत्रापेक्षा रोज हाताळायला मिळणाऱ्या दहा साध्या स्लिट लॅम्प विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाच्या असतात.

निकालाचे आकडे वाचताना विशेष सावध राहावे. अमेरिकेत व्यवसायाच्या परवान्यासाठी द्याव्या लागणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेचे तीन भाग असतात आणि तिथली महाविद्यालये आपल्या उत्तीर्णांचे प्रमाण जाहीर करतात. मात्र पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेल्यांचे प्रमाण आणि अनेक प्रयत्नांनंतरचे अंतिम प्रमाण हे दोन वेगळे आकडे आहेत. कोणत्याही देशात विचारायलाच हवा असा आणखी एक प्रश्न म्हणजे, त्या तुकडीत मुळात किती जणांनी प्रवेश घेतला होता आणि मधल्या काळात किती जण गळाले. शंभरांपैकी तीस विद्यार्थी वाटेतच सोडून गेले आणि उरलेले सत्तर उत्तीर्ण झाले, तर निकाल कागदावर शंभर टक्के दिसतो. शुल्क बुडालेल्या त्या तीस जणांचा मात्र त्यात उल्लेखही नसतो.

खर्चाचा हिशेब पहिल्या वर्षाच्या शुल्कावर न करता पदवी हातात पडेपर्यंतच्या एकूण रकमेवर करावा. दरवर्षीची शुल्कवाढ, राहणे, जेवण, रेटिनोस्कोप व ऑप्थॅल्मोस्कोप (डोळ्याचा आतला भाग पाहण्याचे साधन) यांसारखी स्वतः घ्यावी लागणारी उपकरणे, परीक्षा व नोंदणीचे शुल्क, दूरच्या क्लिनिकमध्ये पाठवल्यास तिथला प्रवास आणि मुक्काम, इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते की उलट शुल्कच भरावे लागते, आणि कर्ज असल्यास शिक्षण चालू असतानाच साचणारे व्याज, या सर्व बाबी एका कागदावर मांडाव्यात. त्या बेरजेशेजारी अलीकडे पदवी घेतलेल्यांचे पहिल्या वर्षाचे उत्पन्न लिहावे आणि हप्ता भरून हातात काय उरते, ते पाहावे. हे उत्पन्न महाविद्यालयाच्या जाहिरातीतून न घेता माजी विद्यार्थ्यांकडूनच जाणून घ्यावे.

सार्वजनिक संस्था बहुधा स्वस्त पडतात आणि स्वस्त म्हणून त्या कमी दर्जाच्या ठरत नाहीत. दिल्लीच्या एम्समधील ऑप्टोमेट्रीची पदवी हे याचे चांगले उदाहरण आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट किंवा ह्यूस्टनसारख्या सार्वजनिक विद्यापीठांत त्या राज्याच्या रहिवाशांना कमी शुल्क पडते, त्यामुळे रहिवासी ठरण्याचे नियम अर्ज करण्यापूर्वीच वाचावेत. तिथल्या काही पश्चिमी राज्यांत परस्पर सहकार्याची अशी योजना आहे की, विद्यार्थी दुसऱ्या राज्यात ऑप्टोमेट्री शिकायला गेला तरी त्याचे मूळ राज्य खर्चाचा काही भाग उचलते. त्या बदल्यात काही राज्ये परत येऊन सेवा करण्याची अट घालतात.

शिष्यवृत्तीचे पत्र आले की त्यातील रकमेआधी अटी वाचाव्यात. ती एकाच वर्षासाठी आहे की संपूर्ण अभ्यासक्रमासाठी, ती टिकवण्यासाठी किती गुण लागतात, आणि गेल्या वर्षी ती मिळालेल्यांपैकी किती जणांची पुढे चालू राहिली, हे विचारावे. दोन-तीन महाविद्यालयांकडून प्रवेशाची पत्रे आली असतील, तर कमी खर्चाच्या ठिकाणचे पत्र दाखवून आवडत्या महाविद्यालयाकडे शुल्कसवलतीची लेखी विनंती करण्यात गैर काहीच नाही; मात्र ती प्रवेश निश्चित करण्याची अनामत रक्कम भरण्यापूर्वी करावी, कारण पैसे भरल्यानंतर सवलत मिळण्याची शक्यता बरीच कमी होते.